धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

21 फेब्रुवारी 1932 हा रविवार होता. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे त्या दिवशी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलले. समोर सविनय कायदेभंगात शिक्षा झालेले राजबंदी बसले होते. लाठी खायची, पण उलटून हात उचलायचा नाही, हे व्रत घेऊन ही माणसं आत आली होती. आणि त्यांच्यापुढे उघडलेला ग्रंथ असा, की मला लढायचं नाही म्हणून धनुष्य खाली टाकणाऱ्या माणसाला त्यात भगवंत पुन्हा लढायला उभं करतो.

धर्माचा धडा देणाऱ्यापुढे याहून अवघड विषय क्वचितच येईल. ऐकणाऱ्यांची श्रद्धा गीतेवरही होती आणि अहिंसेवरही. एकीला धक्का लावून दुसरी सांभाळणं सोपं होतं. विनोबांनी तसं केलं नाही, म्हणून ते अठरा रविवार आजही शिकवणाऱ्याच्या कामाला येतात.

आज जळगाव-धुळ्यात रविवारी सकाळी कुठे देवळाच्या सभामंडपात संस्कारवर्ग भरतो, कुठे चर्चमध्ये संडे स्कूल, कुठे बुद्धविहारात मुलांचा वर्ग, कुठे जैन पाठशाळा. शिकवणारे बहुधा हौसेनं आलेले असतात: निवृत्त शिक्षक, बँकेतली नोकरी सांभाळून येणारी ताई, एखादे काका. गोष्टी, गाणी, प्रार्थना हे सगळं त्यांना छान जमतं. अडतं ते एखादा बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा राहून विचारतो तेव्हा. देवानं अब्राहामाला स्वतःच्या मुलाचा बळी का मागितला? एकलव्याचा अंगठा घेणारा गुरू चांगला कसा? रामानं शंबूकाला का मारलं? अशा वेळी बहुतेक वर्गांत दोनपैकी एक होतं. मुलाला गप्प बसवलं जातं, किंवा घाईघाईनं एखादं गुळगुळीत उत्तर दिलं जातं. त्या उत्तरावर खुद्द देणाऱ्याचाही विश्वास नसतो, आणि मुलांना ते लगेच कळतं. दोन्ही वाटांनी मूल एकच गोष्ट शिकतं: इथे खरं विचारायचं नाही.

तिसरी वाट आहे आणि ती शिकता येते. ती कशी चालते, ते धुळ्याच्या नमुन्यावरून पाहू.

आधी मांडणी. गीतेचे अध्याय अठरा. विनोबांनी दर रविवारी एक घेतला आणि 19 जूनच्या रविवारी अठरावा संपवला. मधल्या एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हाळ्यातही खंड पडला नाही. नवव्या अध्यायाच्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. ते त्यांनी सांगून टाकलं आणि बोलले. एका रविवारी एकच अध्याय, या शिस्तीचा फायदा असा की अवघड भाग टाळता येत नाही. सोयीचे श्लोक निवडून शिकवणाऱ्याला नको ते वगळण्याची मुभा असते. क्रमानं जाणाऱ्याला जे पुढे येईल त्याला सामोरं जावंच लागतं. दोन रविवारांच्या मधला आठवडाही धड्याचाच भाग होता. कैदी दळण दळत, स्वयंपाक करत, सूत कातत, आणि ऐकलेलं मनात घोळत राही.

दुसरी गोष्ट ग्रंथ हातात असण्याची. विनोबांनी गीतेचं समश्लोकी मराठी, म्हणजे गीताई, ऑक्टोबर 1930 ते फेब्रुवारी 1931 या काळात लिहून पुरी केली होती. तिची पहिली आवृत्ती 1932 मध्ये, ते आत असतानाच, धुळ्यात छापली गेली. किंमत एक आणा. तिच्यामागे आईची इच्छा होती. रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजत नसे, आणि जी मराठी भाषांतरं हाती आली त्यांनी त्यांचं समाधान झालं नाही. अवघड विषय घ्यायचा तर विद्यार्थ्याला मूळ मजकूर स्वतःच्या भाषेत स्वतः वाचता आला पाहिजे. नाहीतर तो ग्रंथाशी नव्हे, शिकवणाऱ्याच्या सांगण्याशी वाद घालत राहतो, आणि शिकवणाराही ग्रंथाच्या आड लपू शकतो.

तिसरी गोष्ट लिहून घेणाऱ्याची. श्रोत्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 पासून सहा वर्षं मुलांना शिकवून, 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले होते. विनोबांचा शब्द न् शब्द त्यांनी टिपून घेतला, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आहे. बोलणारा किती थोर होता हे आपण नेहमी सांगतो. लिहून घेणाऱ्याची मेहनत मात्र विसरतो.

आता पहिल्या रविवारचा धडा. हिंसेचा प्रश्न त्या दिवशी कसा हाताळला गेला हे नीट पाहण्यासारखं आहे.

विनोबांनी प्रश्न मागे ठेवला नाही. अर्जुन लढायला तयार नाही, मग तो अहिंसावादीच नव्हे का, आणि कृष्ण त्याला हिंसेकडे ढकलतो आहे का, ही शंका त्यांनी आपणहून मांडली. मग ते अर्जुनाच्या मनाकडे वळले. हा माणूस आयुष्यभर लढत आलेला आहे. आज त्याला युद्ध नको वाटतं, ते युद्ध वाईट म्हणून नाही, तर समोर आजोबा, गुरू, भाऊ उभे आहेत म्हणून. इथे विनोबा एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. या न्यायाधीशानं अनेक गुन्हेगारांना फाशी दिलेली असते. एक दिवस खुनाच्या आरोपाखाली त्याचा स्वतःचा मुलगाच त्याच्यापुढे आणला जातो. त्या दिवशी मात्र फाशीची शिक्षा किती अमानुष आहे यावर तो मोठं व्याख्यान देऊ लागतो. त्याचं म्हणणं खोटं असेलच असं नाही, पण ते उपजलं आहे मुलाच्या मोहातून. विनोबांच्या मते गीता प्रहार करते तो या मोहावर.

हे ऐकून तुरुंगातल्या सत्याग्रह्याला काय मिळालं? गीता युद्धाच्या बाजूची की विरुद्ध, याचं होय-नाहीतलं उत्तर त्याला मिळालं नाही. त्याला मिळाला स्वतःकडे वळलेला एक प्रश्न: मी हात उचलत नाही तो तत्त्वानं, की भीतीनं, की माझीच माणसं समोर आहेत म्हणून? प्रश्न पुसला गेला नाही, तो अधिक खोल गेला. शिवाय विनोबांनी व्यासांच्या निःपक्षपणाकडे लक्ष वेधलं. भीष्म-युधिष्ठिरांसारख्यांचे दोष महाभारत झाकत नाही आणि दुर्योधन-कर्णांचे गुणही दडवत नाही. ग्रंथच जर आपल्या थोरांचे दोष उघड सांगत असेल, तर शिकवणाऱ्यानं ते झाकण्यात कसली भक्ती?

हा अर्थ सर्वांना पटतो असं नाही, आणि तेही वर्गात सांगायला हवं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीता कर्मयोगाचा ग्रंथ ठरवली. गांधीजींनी कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात पाहिलं. दोघांचीही गीतेवर श्रद्धा, दोघांचे निष्कर्ष वेगळे. श्रद्धा असलेली माणसंही एका ओळीचे दोन अर्थ लावतात हे मुलांना लवकर कळलं, तर पुढे कुणीतरी तिसरा अर्थ सांगितल्यावर त्यांच्या पायाखालची जमीन सरकत नाही.

म्हणून धड्याची तयारी रविवारच्या आधीच सुरू व्हावी लागते. शिकवणाऱ्यानं मूळ उतारा मागच्या-पुढच्या मजकुरासकट वाचावा, सारांशावर भागवू नये. मग कागदावर तो प्रश्न वर्गातला सर्वांत रागावलेला विद्यार्थी जसा विचारेल तसा लिहावा, सौम्य करून नव्हे. आणि स्वतःला विचारावं, की या उताऱ्यानं वर्गातल्या कुणाला टोचेल? वर्गात विधवा आईचा मुलगा असेल, दलित वस्तीतली मुलगी असेल, घटस्फोट झालेल्या घरातलं मूल असेल. अवघड विषय सर्वांना सारखा अवघड नसतो. ज्याच्यासाठी तो केवळ माहितीचा आहे आणि ज्याच्या अंगावर तो रोज येतो, ते दोघे एकाच सतरंजीवर बसलेले असतात. बोलायचं ते दुसऱ्याकडे पाहून.

क्रम कसा लावायचा, याचं फार सुंदर उत्तर दहाव्या अध्यायाच्या प्रवचनात आहे. लहान मुलाला आपण आधी ठळक, मोठी अक्षरं शिकवतो, मग तीच बारीक. आधी साधी, मग जोडाक्षरं. सृष्टीत देव वाचायला शिकण्याचाही हाच क्रम, असं विनोबा सांगतात. आई, वडील, गुरू, संत, नदी, सूर्य ही ठळक, साधी अक्षरं. राम सोपा आहे, रावण हे जोडाक्षर आहे. पण तेही अक्षरच आहे, आणि कधीतरी वाचावंच लागतं.

शिकवणाऱ्याला यातून दोन गोष्टी मिळतात. सात वर्षांच्या मुलापुढे शंबूक ठेवू नये. यात लपवाछपवी नाही, त्याची साधी अक्षरं अजून घटायची असतात. पण पंधरा वर्षांच्या मुलाला अजून साधीच अक्षरं गिरवायला लावणं हा त्याचा अपमान आहे. माझ्या मते आपल्याकडची खरी चूक इथे होते. मुलं दहावीत जातात, मोबाइलवर हवं ते वाचतात, आणि रविवारच्या वर्गात आपण त्यांना अजून तिसरीतल्या गोष्टी सांगत असतो. जोडाक्षर ती बाहेर वाचतात, बहुधा आपल्या धर्माची चेष्टा करणाऱ्याकडून. मग त्यांना वाटतं की आपल्याला फसवलं. वाचलेल्या गोष्टीपेक्षा हे फसवलं गेल्याचं दुःख मोठं असतं.

सोळाव्या अध्यायाचा रविवार म्हणूनच मला सर्वांत धाडसाचा वाटतो. विषय अहिंसेच्या वाढीचा होता. पूर्वीचे ऋषी मांस खात होते हे विनोबांनी तिथे सरळ सांगितलं. वर भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकातला प्रसंग सांगितला: वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठ पाहुणे येतात, त्यांच्यासाठी वासरू मारलं जातं, आणि आश्रमातला एक बटू कुरकुरतो की दाढीवाल्या वाघानं आपलं वासरू खाल्लं. गाईला माता मानणाऱ्या श्रोत्यांसमोर, भक्तीच्या प्रवचनात, हे सांगणं सोपं नव्हतं. पण ते सांगितल्यावर पुढचा मुद्दा किती भक्कम उभा राहतो पाहा. पूर्वज थोर होते, तरी त्यांना सगळंच उमगलं होतं असं नाही. समाजानं पुष्कळ पिढ्या प्रयोग केले, मांसाहार सोडण्याचा मोठा प्रयोग त्यातलाच. क्षत्रियांची हिंसा संपवण्यासाठी परशुरामानं स्वतःच परशू हाती घेतला आणि तो फसला, हीही त्या वाटेवरची एक पायरी. धर्म वाढत आला आहे आणि ती वाढ आता आपल्या हाती आहे.

अवघड गोष्ट शत्रूच्या तोंडून आली असती तर जखम झाली असती. आपल्याच माणसानं, प्रेमानं, पुराव्यासह सांगितल्यावर ती जबाबदारी झाली.

याच्या उलट काय होतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच घडलं आहे. 1852 मध्ये मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचे प्रचारक ह्यू फिंडले मुंबईत उतरले. पुढे पुण्याला जाऊन त्यांनी तिथे छोटीशी मंडळी जमवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला त्यांच्या चर्चनं बहुपत्नीकत्वाची शिकवण पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली. आचरण त्याआधीपासून होतं, पण उघड बोललं जात नव्हतं. ही बातमी इकडे पोहोचली तेव्हा हिंदुस्थानातल्या प्रचारकांचं काम फार कठीण झालं. विरोधकांच्या हाती आयतं शस्त्र आलं आणि नव्यानं आलेल्यांपैकी काही दुरावले. त्या चर्चनं 1890 मध्ये बहुपत्नीकत्व थांबवल्याचं जाहीर केलं. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाकारण्याची पद्धत 1978 पर्यंत चालली.

मॉर्मन चर्चमध्ये रविवारचा धडा ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. जगभरच्या मंडळ्या एका वर्षी एकच धर्मग्रंथ घेतात, आठवड्याचा भाग ठरलेला असतो, आणि शिकवणारे पगारी पुरोहित नसून मंडळीतलेच शिक्षक, दुकानदार, गृहिणी असतात. म्हणजे आपल्या संस्कारवर्गासारखेच. तिथली तरुण मुलं इंटरनेटवर जुना इतिहास वाचून येऊ लागली, तेव्हा शिकवणाऱ्यांची तीच पंचाईत झाली. मग 2013 ते 2015 या काळात चर्चनं स्वतःच लांबलचक निबंध प्रसिद्ध केले. संस्थापक जोसेफ स्मिथ यांचं बहुपत्नीकत्व, वंशभेद, ‘मॉर्मनचं पुस्तक’ या त्यांच्या धर्मग्रंथाचं भाषांतर कसं झालं, हे सगळे विषय त्यांत संदर्भांसह मांडले. 2016 मध्ये एम. रसेल बॅलर्ड या ज्येष्ठ नेत्यानं धर्मशिक्षकांना बजावलं, की प्रामाणिक प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला काळजी करू नकोस म्हणून वाटेला लावण्याचे दिवस गेले. हे निबंध सर्वांना पुरेसे वाटले असं नाही. काहींना ते फार उशिरा आले असं वाटलं, काहींची श्रद्धा ते वाचूनच डळमळली. तरीही दिशा योग्य होती. घरची गोष्ट घरच्यांनी आधी सांगावी.

आता एक पूर्ण धडा घेऊन पाहू, म्हणजे रीत हाताला लागेल. गीतेच्या नवव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक घ्या. माझा आश्रय घेणारे कुणीही, पापयोनी असोत, स्त्रिया, वैश्य, शूद्र असोत, परमगतीला जातात, असा त्याचा आशय. प्रवचनात हा श्लोक नेहमी सर्वांना दार उघडणारा म्हणून येतो आणि तो तसा आहेही. पण वर्गातली मुलगी विचारणार: स्त्रियांचं नाव पापयोनींच्या शेजारी का?

पहिलं काम, श्लोक मोठ्यानं वाचायचा, तो शब्द गिळायचा नाही. दुसरं, तिच्या आधी आपणच सांगायचं की हा शब्द बोचतो. तिसरं, जुन्या टीकाकारांनी काय केलं ते खरं खरं सांगायचं. शंकराचार्यांच्या भाष्यात पापयोनी म्हणजे कोण, तर स्त्रिया, वैश्य आणि शूद्र, असाच अर्थ लावला आहे. पुढच्या काळातल्या काहींनी पापयोनी हा वेगळा गट मानून इतरांना त्यातून सोडवलं. ही सोडवणूक व्याकरणानं शक्य आहे, पण एकमेव नाही, हेही सांगायचं. मग ज्ञानेश्वरांकडे यायचं. याच ठिकाणी ज्ञानेश्वरीत ओढे-नाले गंगेला मिळेपर्यंतच ओढे-नाले असतात असा दृष्टान्त येतो: देवाशी एकरूप झाल्यावर क्षत्रिय, वैश्य, स्त्रिया, शूद्र ही नावं उरत नाहीत. तेराव्या शतकातला वाळीत टाकलेल्या घरातला मुलगा त्या श्लोकाला किती पुढे घेऊन गेला, हे मुलांना दाखवता येतं.

इथपर्यंत धडा उत्तम चालतो आणि इथेच थांबण्याचा मोह होतो. थांबू नये. कारण वर्गातला दुसरा कुणी विचारेल, की देवापुढे भेद मिटला, पण गावच्या पाणवठ्यावर मिटला का?

या ठिकाणी धुळ्याची प्रवचनंही मला अपुरी वाटतात. चातुर्वर्ण्याबद्दल विनोबा तिथे आदरानं बोलतात. त्यात स्वाभाविकता आणि धर्म दोन्ही आहेत असं त्यांना वाटतं. त्यांच्या मनात उच्चनीच नव्हतं, त्यांचं सारं आयुष्य याची साक्ष आहे. पण त्याच वेळी, शेजारच्या नाशकात, काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 पासून सत्याग्रह सुरू होता. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या मागे हजारो माणसं उभी होती आणि दार बंद होतं. त्या दारात उभ्या असलेल्याला वर्णाची गोड मांडणी कशी ऐकू आली असती? बाबासाहेबांनी गीतेवर कठोर टीका लिहिली. चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा टेकू देणारा ग्रंथ म्हणून तिच्याकडे पाहिलं. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही.

खानदेशात गीता शिकवणाऱ्यानं ही टीका वाचलेली असावी, असं मी आग्रहानं म्हणेन. केवळ उत्तर देण्यासाठी नव्हे. त्याच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि त्या घरानं काय भोगलं हे शिकवणाऱ्याला ठाऊक असायला हवं. अशा मुलाला गीतेची बाजू घ्यायला लावू नये. त्याला पटवण्याचीही घाई करू नये. बाबासाहेबांचं म्हणणं काय होतं ते त्यांच्या बाजूनं, जोर कमी न करता मांडावं आणि म्हणावं: हा आक्षेप खरा आहे, माझी श्रद्धा तरीही या ग्रंथावर आहे, आणि या दोन्हींचा मेळ मला पुरता लागलेला नाही. शिकवणाऱ्यानं असं म्हटल्यानं वर्गाची श्रद्धा कमी होते, ही भीती उगाच आहे. मुलांचा विश्वास बसतो तो अशाच माणसावर. उद्या तो जेव्हा म्हणेल की या गोष्टीबद्दल माझी खात्री आहे, तेव्हा ती खात्री त्यांना खरी वाटेल.

काही प्रश्नांना शब्दांत उत्तर नसतं, ते करूनच द्यावं लागतं. धुळ्याची प्रवचनं उतरवून घेणाऱ्या साने गुरुजींनी ते दिलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगाव लोकांची मनं वळवली, आणि 1 मे 1947 पासून पंढरपुरात उपोषण केलं. 10 मेला मंदिर खुलं होण्याचा निर्णय झाल्यावर ते सुटलं. 1953 मध्ये तेव्हाच्या बिहारात देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह जाताना खुद्द विनोबांना मार बसला. 1958 मध्ये ते पंढरपुरात मुस्लिम आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांना बरोबर घेऊन विठ्ठलाच्या दर्शनाला गेले. वर्णावरचा धडा घेताना या तारखा सांगाव्यात. प्रवचनात जे अपुरं राहिलं ते माणसांनी पुढे कसं चालवलं, हे त्यातून दिसतं. नवव्या अध्यायाचा उरलेला अर्थ तिथे आहे.

वर्गात कधीकधी असाही विद्यार्थी येतो, की त्याचे प्रश्न आपल्या आवाक्यापलीकडचे असतात. पंडिता रमाबाई तशा होत्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्रैक्य, ख्रिस्ताचं ईश्वरत्व, चर्चची सत्ता यांवरून त्यांचा आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद चालला. सिस्टरना तो उद्धटपणा वाटे. रमाबाई मात्र विश्वासासाठीच भांडत होत्या. पुढे केडगावच्या मुक्तिसदनातून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळावरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये मृत्यूच्या आधी ते काम पुरं झालं. असा विद्यार्थी भेटला तर शिकवणाऱ्यानं त्याच्यापुढे भिंत होऊ नये. त्याला पुस्तकं द्यावीत, जाणत्या माणसाकडे पाठवावं. जळगाव जिल्ह्यात त्यासाठी फार दूर जावं लागत नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे, आणि त्याच गावात वारकऱ्यांचं सखाराम महाराज संस्थानही आहे. एकाच गावात दोन्ही आहेत, ही अमळनेरची पुण्याई.

राहता राहिला वेळेचा हिशेब. तासाभराचा वर्ग असेल तर उतारा वाचायला दहा मिनिटं पुरतात. अवघड गोष्ट पहिल्या पंधरा मिनिटांत मांडून टाकावी. शेवटी ठेवली तर घंटा होते आणि मुलं ती ओझ्यासारखी घरी नेतात. निम्मा वेळ मुलांच्या बोलण्याला द्यावा. मुलं बोलत असताना मध्ये दुरुस्ती करू नये, नाहीतर दुसरा कुणी तोंड उघडणार नाही. प्रार्थना नेहमीसारखीच व्हावी. अवघड विषय झाला म्हणून ती टाळू नये आणि मुद्दाम लांबवूही नये. आईवडिलांना आधी निरोप द्यावा, की या रविवारी अमुक विषय आहे. घरी मूल काहीतरी विचारेल तेव्हा त्यांना अचानक धक्का बसू नये. दोन-चार घरांतून नाराजीचा फोन येईल. तो शांतपणे ऐकावा आणि त्या पालकांना पुढच्या वर्गाला येऊन बसायला सांगावं.

वर्गातल्या एखाद्या चांगल्या अक्षराच्या मुलाला वही द्यावी आणि त्या दिवशी विचारलेले सगळे प्रश्न, सुटलेले आणि न सुटलेले, विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहायला सांगावे. पुढच्या रविवारी वर्ग सुरू करताना आधी ती वही उघडावी आणि न सुटलेल्यांपैकी एक प्रश्न घ्यावा.